कांचेचा पेला आणि चिनी मातीची बरणी

चैत्र संपत आला म्हणजे लालबागेंतील मसाल्याच्या गल्लींत मिरचीचा खकाणा उठूं लागतो. परळ, शिवडी, दादर अशा ठिकाणांहून बायका सुक्या मिरच्या, धने व गरम मसाल्याचें सामान घेऊन डंकावर येतात. कुटून झालेला वर्षाचा मसाला घरीं पोंचला कीं माळ्यावरची बरणी खालीं उतरते. तिचें खालचें अंग दुधी, खांदा व गळा तपकिरी. मसाला दाबून भरावयाचा, वर हिंगाचा खडा ठेवावयाचा आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावयाचा. पुष्कळ घरांत ही बरणी आजीच्या वेळची असते. तिची किंमत कोणी काढीत नाहीं, ती कोठें झाली हें कोणास ठाऊक नसतें; पण ती फुटली तर सारें घर दोन दिवस हळहळतें.

अशा भांड्यांचा संग्रह करणें हा एक छंद आहे, असें सांगितलें तर पुष्कळांस हसूं येईल. संग्रह म्हटला कीं जुनीं नाणीं, हस्तलिखितें, पेशवेकालीन समया, अशा दुर्मिळ वस्तु डोळ्यांपुढें उभ्या राहतात. जी वस्तु एका साच्यांतून हजारांनीं निघाली, जी शेजाऱ्याच्या घरींही होती आणि समोरच्या चहाच्या दुकानांतही होती, ती कपाटांत मांडून ठेवण्यांत मतलब काय, हा प्रश्न साहजिकच निघतो. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आधीं ह्या भांड्यांमागील कल्पना पाहिली पाहिजे.

१९१९ सालीं जर्मनींतील वायमार शहरीं 'बाउहाउस' नांवाची एक कलाशाळा निघाली. पुढें नाझी राजवटीच्या दडपणाखालीं १९३३ सालीं ती बंद पडली. परंतु त्या चौदा वर्षांत तिनें जगाच्या घरगुती सामानाचें रूप पालटण्यास प्रारंभ केला. वस्तूचा आकार तिच्या कामावरून ठरावा, तो यंत्राला सहज घडवितां यावा आणि सामान्य संसाराला परवडावा, अशी त्या शाळेची शिकवण होती. तेथें शिकलेल्या विल्हेल्म वागेनफेल्ड ह्या कलावंतानें १९३१ सालीं येना येथील शॉट कारखान्याकरितां उष्णता सोसणाऱ्या पातळ कांचेची चहादाणी आंखली, आणि १९३८ सालीं एकावर एक नेमके बसणारे 'कुबुस' नांवाचे चौकोनी कांचेचे डबे काढले. फिनलंडमधील ऐनो आल्टो ह्या बाईंनीं १९३२ सालीं पाण्यावरच्या तरंगांसारखीं आडवीं कडीं असलेला दाबकांचेचा साधा पेला सिद्ध केला. हातांतून न निसटणारा व भरपूर काम देणारा तो पेला स्वस्त विकण्यासाठींच घडविला होता. आज हीं भांडीं मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत मांडलेलीं आहेत. मुंबईच्या संग्राहकाला मात्र त्यांच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. त्याच कल्पनेचीं भांडीं येथील स्वयंपाकघरांत, कोणत्याही कलाशाळेचें नांव न घेतां, केव्हांच येऊन बसलीं होतीं.

मुंबईला सुंदर मृत्पात्रें नवीं नव्हतीं. १८७० नंतरच्या दशकांत सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी ह्यांच्या पुढाकारानें तेथें चित्रित, झिलईदार भांडीं घडूं लागलीं. त्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृति काढलेल्या असत. भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयांत त्यांचे नमुने पाहावयास मिळतात. पण तीं भांडीं प्रदर्शनासाठीं व दिवाणखान्यासाठीं होतीं. गिरगांवांतील कारकुनाच्या किंवा परळमधील साचेवाल्याच्या खोलींत तीं जाणें शक्यच नव्हतें. त्या खोल्यांत जें आलें, तें कारखान्यांतून आलें.

ह्या कारखानदारीचा महाराष्ट्रांतील इतिहास मोठा स्फूर्तिदायक आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं घरोघर एकेक पैसा मागून उद्योगधंद्यांसाठीं निधि उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसाफंडाचा कांच कारखाना सुरू झाला. परदेशांत ह्या धंद्याचें शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथील तज्ज्ञ होते. कांच करणें आणि कांच करणारीं माणसें तयार करणें, अशीं दोन्ही कामें त्या भट्टीनें केलीं. पुढें १९१६ सालीं कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानांत, ओगले बंधूंचा कारखाना निघाला व त्या जागेला ओगलेवाडी हें नांव पडलें. तेथील 'प्रभाकर' कंदील आणि त्याची कांच महाराष्ट्रांत घरोघर जाऊन पोंचली. सौराष्ट्रांत परशुराम गणपुले ह्या मराठी गृहस्थांच्या नांवानें चाललेल्या परशुराम पॉटरी वर्क्सनें चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा व्यापार केला. १९६२ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या सहकार्यानें बोरोसिलचा उद्योग खुद्द मुंबईंत उभा राहिला. पैसा पैसा गोळा करून पेटविलेल्या भट्टीपासून प्रयोगशाळेच्या चंचुपात्रापर्यंतचा हा प्रवास अवघ्या चौपन्न वर्षांचा आहे.

आतां पुन्हा त्या बरणीकडे वळूं. तांब्यापितळेच्या भांड्याला आंबट लागलें कीं तें कळकतें. कल्हई उडालेल्या पितळेंत लोणचें घालण्याची कोणाची छाती होणार नाहीं. साधें मातीचें मडकें तेल पितें व मीठ बाहेर टाकतें. ह्या बरणीची माती बाराशें अंशांच्या आसपास भाजलेली असल्यामुळें तिचें अंग दगडासारखें घट्ट होतें. त्यावर कांचेसारखी झिलई असते, आणि आंतलें तेल, मीठ, आंबट कांहींही झिरपत नाहीं. दुरंगी झिलईची ही रीत विलायतेंतील एकोणिसाव्या शतकाच्या कारखान्यांतून आली. बरणीचें एक अंग लोहमिश्रित तपकिरी झिलईंत आणि दुसरें फिक्या झिलईंत बुडवावयाचें, म्हणजे रंगाऱ्याचा हात न लागतां भांडें नीटस दिसतें. तोंड रुंद, कारण आंत डाव गेला पाहिजे. ओठ बाहेर वळलेला, कारण दादऱ्याची दोरी घसरतां कामा नये. खांदा फुगीर, कारण वजन उचलतांना हाताला आधार पाहिजे. नक्षीचें नांव नाहीं, आणि तिची उणीवही भासत नाहीं. १९५८ सालीं भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यानें आपल्या अहवालांत आपल्या साध्या लोट्याची मुक्तकंठानें स्तुति केली. त्याच अहवालांतून पुढें १९६१ सालीं अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन जन्मास आली. लोट्याचा आकार कोणा एकानें आंखला नाहीं, अनेक पिढ्यांच्या वापरानें तो ठरला, असें त्यांचें म्हणणें होतें. लोट्याविषयीं जें खरें, तें ह्या बरणीविषयींही बऱ्याच अंशीं खरें आहे.

चहाच्या कपाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील एका समारंभांत टिळक, रानडे प्रभृति मंडळींपुढें चहा आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता हातीं धरून खालीं ठेवला. पण तेवढ्यावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. कपबशी ही त्या काळीं केवळ भांडें नव्हती. कोणाच्या हातचें प्यावें आणि कोणाच्या ओठाला लागलेलें प्यावें, असा प्रश्न ती प्रत्येकापुढें टाकीत होती. मुंबईच्या इराण्यांनीं ह्या प्रश्नाला व्यवहारानें उत्तर दिलें. धोबीतलावाजवळचें कयानीचें दुकान १९०४ सालचें. संगमरवरी टेबल, वांकविलेल्या लांकडाची खुर्ची, बिस्किटांची कांचेची बरणी आणि जाड कांठाचा पांढरा कप, असा इराण्याच्या दुकानाचा थाट असे. वकील उठून गेला कीं त्याच कपांत कामगाराला चहा मिळे. सगळे कप सारखेच असल्यामुळें आपला कोणता व दुसऱ्याचा कोणता हें ओळखण्याची सोयच राहिली नाहीं.

परंतु ही बाजू सांगतांना दुसरी लपवितां येत नाहीं. गांवोगांवच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्या माणसांचा कप वेगळा असे. तो बाहेर फळीवर किंवा वळचणीला ठेवलेला असे, आणि पिणाऱ्यानें तो स्वतः धुऊन पुन्हा तेथेंच ठेवावयाचा, असा शिरस्ता होता. मुंबईच्या गिरण्यांतही साचेखात्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यांतील तुटलेला धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या ओठांचा स्पर्श इतरांस चालत नसे, हें त्याचें कारण सांगण्यांत येई. परळच्या चाळींत ज्यांनीं अनेक वर्षें काढलीं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा अन्याय उघडपणें पुढें मांडला.

संग्राहकानें विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं दुकानाच्या आंतील कप आणि बाहेरच्या फळीवरील कप हे एकाच कारखान्याच्या एकाच साच्यांतून निघालेले असूं शकतात. दोन्हींचा आकार तोच, झिलई तीच, तळाचा शिक्काही तोच. एक चहाच्या सोबतीचा आणि दुसरा अपमानाचा. ते दोन कप शेजारीं शेजारीं मांडले तर कितीही जाणत्या डोळ्याला त्यांतील भेद दिसणार नाहीं. तो भेद सांगणारा माणूस जिवंत असेल आणि त्याचें म्हणणें कोणी लिहून घेतलें असेल, तरच तो कळेल. दुर्मिळ वस्तु आपलें महत्त्व स्वतःबरोबर आणते. कारखान्यांतील वस्तूचें महत्त्व तिच्या वापराच्या हकीकतींत असतें. आणि ती हकीकत वस्तूबरोबर आपोआप येत नाहीं.

मुंबईच्या रस्त्यावरचा 'कटिंग'चा ग्लासही असाच पाहण्यासारखा आहे. एक चहा दोघांत तोडून घ्यावयाचा, म्हणून 'कटिंग'. वितळलेल्या कांचेचा गोळा लोखंडी साच्यांत टाकून वरून दट्ट्या दाबला कीं असा पेला तयार होतो. साच्याचे भाग जेथें जुळतात तेथें कांचेवर एक बारीक रेघ उमटते. अंगावरील उभ्या पट्ट्यांत ती रेघ लपून जाते, आणि त्याच पट्ट्यांनीं ओल्या हाताला पकड मिळते. तळ जाड असल्यामुळें तो सहसा कलंडत नाहीं. तारेच्या जाळींत सहा-आठ ग्लास अडकवून पोऱ्या चार जिने चढतो व एकही ग्लास सांडत नाहीं. आणखी एक उदाहरण गोटी सोड्याच्या बाटलीचें. हायरम कॉड ह्या इंग्रजानें १८७२ च्या सुमारास काढलेली ही युक्ति अशी, कीं आंतल्या वायूच्या दाबानेंच कांचेची गोटी गळ्यांतील रबरी कड्यावर घट्ट बसते व बुचाचें काम करते. अंगठ्यानें गोटी खालीं दाबतांच होणारा तो आवाज गिरगांवांतील जुन्या माणसांच्या कानांत अजून असेल.

हीं भांडीं आज झपाट्यानें नाहींशीं होत आहेत, ही खरी अडचण आहे. दारावर येणाऱ्या बोहारणीनें जुन्या कपड्यांच्या मोबदल्यांत स्टीलचीं भांडीं दिलीं. त्यांनीं पितळेला हटविलें. मागून प्लॅस्टिकचे डबे आले. त्यांनीं कांचेला व चिनी मातीला हटविलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर गिरणगांवांतील कितीतरी बिऱ्हाडें मोडलीं व कोंकणांत, घाटावर परतलीं. जड बरणी गांवीं कोण नेणार? १९२० च्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या जागीं आतां उंच इमारती उठत आहेत, आणि गिरगांवांतील जुनीं घरें भुयारी रेल्वेसाठीं व पुनर्बांधणीसाठीं पाडण्यांत आलीं. घर रिकामें करतांना दागिने, देव व कागदपत्रें आधीं बांधलीं जातात. फडताळांतील भांड्यांची पाळी शेवटीं येते, आणि तीं बहुधा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात.

तेथून त्यांतील कांहीं भांडीं चोरबाजारांत, मटन स्ट्रीटवर येतात. शुक्रवारीं पहांटे तेथें रस्त्यावरच माल मांडला जातो, आणि जाणता गिऱ्हाईक दिवस उजाडण्यापूर्वीं हजर असतो. त्यानें प्रथम भांडें उलटें करावें. तळाच्या शिक्क्यावर चेकोस्लोव्हाकियाचें नांव असेल तर तें १९१८ नंतरचें, कारण त्यापूर्वीं तो देशच नव्हता. 'ऑक्युपाइड जपान' असें असेल तर तें जपान परक्या सैन्याच्या ताब्यांत असतांनाचें, म्हणजे १९४५ ते १९५२ ह्या काळांतलें. शिक्का नसेल तर तळाची कड बोटानें चांचपावी. खऱ्या वापरानें पडलेले ओरखडे बारीक, आडवेतिडवे व कडेवरच असतात. जुनें भासविण्यासाठीं मुद्दाम घांसलेल्या तळावर ते एकाच दिशेनें गेलेले दिसतात. कांठावर नख फिरवून टवका पाहावा, आणि बरणीवर बोटाची टिचकी मारावी. सणसणीत नाद आला तर ती धड. बद्द आवाज आला तर अंगांत कोठें तरी चीर आहे.

घरीं आणलेल्या भांड्यांची निगाही सोपी असली तरी ठरावीक आहे. मुंबईच्या पावसाळी हवेंत कांच वर्तमानपत्रांत गुंडाळून वर्षानुवर्षें ठेवूं नये. कागद ओल धरतो आणि कांचेवर धुरकट डाग पडतात. क्षारांचा पांढरा थर पातळ शिरक्यानें निघतो. पण कांचेचें अंगच ओलीनें खाल्लें गेलें असेल तर तो डाग जात नाहीं. एकांत एक अडकलेले पेले ओढूं नयेत. आंतल्या पेल्यांत गार पाणी घालावें व बाहेरचा कोमट पाण्यांत धरावा, म्हणजे ते सुटतात. सोनेरी कांठाला राख किंवा चिंच लावूं नये. झिलईला बारीक तडे गेलेले किंवा आंतून भडक तांबड्यापिवळ्या रंगानें रंगविलेले जुने कप खाण्यापिण्यास वापरूं नयेत. अशा रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, व आंबट पदार्थानें तें बाहेर येतें.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची निगा कागदाची. भांडें कोणत्या घरांतून आलें, त्यांत काय ठेवीत, तें कोणी व केव्हां घेतलें, कोणासाठीं राखून ठेवलें होतें, हें चार ओळींत लिहून त्याच दिवशीं भांड्याबरोबर ठेविलें पाहिजे. चोरबाजारांत पोंचलेल्या वस्तूची ही हकीकत वाटेंतच गळून पडलेली असते. म्हणून शहाणा संग्राहक बाजाराच्या आधीं चाळींत जातो. घर सोडण्याच्या तयारींत असलेल्या आजीबाईंपाशीं घटकाभर बसतो आणि बरणीच्या आधीं तिची गोष्ट मागून घेतो. आजीबाईंना ती बरणी नव्या घरीं न्यावयाची असेल, तर त्यानें ती मागूं नये. गोष्ट लिहून घ्यावी आणि छायाचित्र घेऊन परत यावें. संग्रहांत एक वस्तु कमी झाली तरी हरकत नाहीं. वापरांत असलेली वस्तु वापरांतून काढणें हा संग्रहाचा हेतु असूं नये.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर ह्यांचें उदाहरण ह्या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. चष्म्यांचें दुकान चालविणाऱ्या ह्या गृहस्थानें अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा रोजच्या वापराच्या वस्तु आयुष्यभर गोळा केल्या. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्याला दिलें. ज्या काळीं केळकर अडकित्ते जमवीत होते, त्या काळीं अडकित्ता घरोघर होता व त्यांत जपून ठेवण्यासारखें काय आहे, असें लोकांस वाटत होतें. आज तीच पाळी कारखान्यांतील पेल्यावर व बरणीवर आली आहे. जें सर्वांपाशीं असतें, तें जपण्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाहीं. आणि म्हणूनच तें सर्वांपाशींचें एकदमच नाहींसें होतें.

ह्या छंदाला मोठा पैसा लागत नाहीं, मोठी जागा लागत नाहीं. एक फळी, एक वही आणि वडीलधाऱ्या माणसांशीं बोलण्याची सवड एवढें भांडवल पुरे आहे. ज्या घरांत अजून जुनी बरणी आहे, तेथें ती ह्या वर्षींच्या मसाल्यासाठीं उतरेल, तेव्हां दादरा बांधण्यापूर्वीं तिच्या तळाचा शिक्का पाहून ठेवावा, आणि ती घरांत केव्हां आली हें आजीला विचारून घ्यावें. आजी आहे तोंपर्यंतच तें विचारतां येईल.